शर्टाची घडी

इस्त्रीच्या टेबलावरून इन्शिराहने पांढरा शर्ट झटक्यात ओढून घेतला. कडेवरचं मूल दचकलं.

"हा नको, बदवीकाका. चुकून आला."

"अगं, दे की. दोन हात मारतो आणि घडी घालून देतो."

"घडी घातली की कपाटात ठेवावा लागतो," ती म्हणाली. "तो आला की मीच करीन."

बदवीने इस्त्री जाळीवर टेकवली आणि मान खाली घालून दुसरं कापड ओढलं. शुब्रा वस्तीतल्या त्या गल्लीत इन्शिराहच्या नवऱ्याचं, साबिरचं, नाव आता कुणी घेत नसे. छापखान्यातून साध्या वेशातली माणसं त्याला घेऊन गेली, तेव्हा इन्शिराह गरोदर होती. त्याला वाळवंटातल्या तुरुंगात ठेवलंय एवढंच पुढे कळलं. पत्र जात नव्हतं, येत नव्हतं.

कोटासाठी थांबलेला वग्दी हे सगळं ऐकत होता. तो सिनेमाची गाणी लिहायचा. नायक अलेक्झांड्रियाला निघून गेलाय आणि नायिका वाट पाहतेय, असं एक गाणं त्याच्याकडून काही केल्या होत नव्हतं. कोट तिथेच विसरून तो घरी आला आणि ओळ लिहून काढली: तुझा सदरा मी घडी करून ठेवलेला नाही.

गाणं रेडिओवर लागलं मात्र, आणि शहरभर झालं. कॉफीच्या दुकानांत, न्हाव्याकडे, ट्रामच्या थांब्यावर तेच. पोरी गच्चीवर कपडे वाळत घालताना तेच म्हणायच्या. वग्दी खुशीत होता. मग एका सकाळी बदवीने त्याच्या हातात कोट देताना आवाज खाली आणला.

"उस्ताद, काल एक जण तुमची चौकशी करत होता. कुणाकडे बसता-उठता, इथे येणाऱ्या बायका तुमच्या ओळखीच्या आहेत का, असं."

"कोण होता?"

"साध्याच वेशात होता, पण बूट चकचकीत होते. मी म्हटलं, मला काही माहीत नाही."

त्या दिवसापासून वग्दीचं जेवणावरचं लक्ष उडालं. जिन्यात पाऊल वाजलं की तो रेडिओ बंद करी. बायकोने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणे. गाण्याची चाल कुठून कानावर आली की त्याला वाटे, आपणच त्या बाईचं दार चव्हाट्यावर उघडून ठेवलंय, आणि आता आपलंही.

दुपारी सगळे झोपले असताना दारावर थाप पडली. त्याने फटीतून पाहिलं. बाहेर इन्शिराह उभी होती, कडेवर पोरगी.

"माफ कर, ताई," तो दार उघडण्याआधीच म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

ती आत आली, पण बसली नाही.

"तिथून एक जण सुटून आलाय," ती म्हणाली. "पहारेकऱ्यांच्या खोलीत रेडिओ असतो, संध्याकाळी आवाज कोठड्यांपर्यंत जातो. तुमचं गाणं लागलं आणि साबिर उठून बसला. म्हणाला, हे माझ्या बायकोचं बोलणं आहे. ती आहे अजून घरी."

तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पुढचं गाणं कधी लिहिताय?"

त्याला कळलं. त्याने मागे वळून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"ताई, मला दोन मुलगे आहेत."

"माहीत आहे. म्हणून तर या वेळेला आले, जिना रिकामा असताना." तिने पोरीचं तोंड ओढणीने पुसलं. "त्याला ठाऊक नाही मूल जगलं की गेलं, मुलगा की मुलगी. मुलगी झाली तर नदा ठेवायचं असं आमचं ठरलं होतं. तेवढाच एक शब्द गाण्यात घाला. नदा म्हणजे दव, दव म्हणूनच ऐकतील सगळे."

"विचारतील मला."

"विचारतील," ती म्हणाली, आणि पायांचा आवाज न करता जिना उतरून गेली.

तो कितीतरी दिवस मनाशी नाहीच म्हणत होता. बायकोला त्याने काही सांगितलं नाही. झोपलेल्या मुलांच्या अंगावर पांघरूण घालायचा आणि तिथेच उभा राहायचा.

स्टुडिओत नवं गाणं वाचून झालं तेव्हा संगीतकाराने हातातलं तंतुवाद्य, ऊद, मांडीवर आडवं ठेवलं.

"नदा, नदा, नदा! उस्ताद, किती दव पाडताय? एकदा पुरे."

"राहू दे तसंच. लांबून ऐकणाऱ्याला एकदा कळत नाही."

कोपऱ्यात सरकारी खात्याचा माणूस बसला होता. तो गाण्यांचे कागद तपासायला यायचा. त्याने कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. वग्दीने हात पाठीमागे नेले.

"'नदा आपल्या खिडकीत आली,'" त्या माणसाने वाचलं. "दव खिडकीत येतं?"

"पहाटे येतं, साहेब."

"मला तर हे कुणाचं तरी नाव वाटतं." त्याने नजर वर केली. "कोण ही?"

संगीतकाराने मान वळवून वग्दीकडे पाहिलं. तो वग्दीच्या घरी जेवलेला होता. वग्दीचे दोन्ही मुलगे त्याच्या अंगाखांद्यावर खेळले होते. त्याने नजर वळवली आणि ऊदाची खुंटी पिळायला घेतली.

"माझी मुलगी," वग्दी म्हणाला. "आत्ताच पाऊल टाकायला लागलीय."