बुटाला केलेला नमस्कार

मी बूट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण एवढ्याच गोष्टीवरून झालं.

साधासुधा नव्हे हं! घरातली चारही माणसं आत उभी राहून फोटो काढतील एवढा ऐसपैस, पिवळाधमक डच बूट. हडपसरच्या बाजूला हॉलंडच्या धर्तीवर एक बाग केली आहे. तिथल्या पवनचक्कीसमोर मी आणि माझा डावा भाऊ उभे असतो. शेजारच्या बोगनवेलीला मी सांगून ठेवलंय की मी रॉटरडॅमहून बोटीनं आलो, वाटेत वादळ झालं, बोट बुडाली आणि कप्तान माझ्यात बसून मुंबईला लागला. ती बिचारी ऐकून घेते.

खरं तर माझा जन्म कसबा पेठेतला, फायबरचा. ज्यांनी मला घडवलं त्यांचं आयुष्य गणपती करण्यात गेलेलं. म्हणून माझं टोक जरा जास्तच वळलंय, सोंडेच्या वळणावर.

बागेत आधी खरे ट्युलिप लावले होते. पुण्याचं ऊन बघून त्यांनी आठवड्यात माना टाकल्या. मग प्लास्टिकचे आले आणि पाटीही आली: ‘फुले प्लास्टिकची आहेत. तरीही तोडू नयेत.’ आमच्या चौथऱ्याभोवती मात्र माळ्यानं झेंडू लावला. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर ही जोडी, भोवती झेंडू. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या माणसाला काय वाटेल?

एका रविवारी यमुनाबाई आल्या. बरोबर मुलगा दिग्विजय आणि सून निशा. दिग्विजयला कंपनी हॉलंडला पाठवत होती, चांगली काही वर्षं. आईनं सोबत यावं म्हणून त्यानं महिनोन्महिने मनधरणी केली होती, आणि आत्ता कुठे ती हो म्हणाली होती. तिकडे गेल्यावर बावरू नये म्हणून आधी इथं दाखवायला आणलेली.

“आई, ही विंडमिल. तिकडे अशा खूप असतात. वाऱ्यावर फिरतात.”

“मंग ही का फिरंना?”

“हिला मोटर आहे. बंद पडलीय.”

“म्हंजी आपल्या पिठाच्या गिरणीवानीच की,” यमुनाबाई म्हणाल्या. तिघंही हसली. तेव्हाचं हसणं गोड होतं.

मग नवरा-बायको बागेतल्या पुलावर फोटो काढायला गेली आणि यमुनाबाई आमच्यापाशी आल्या. त्यांनी वाफ्याच्या कडेला चपला काढल्या. डोक्यावर पदर घेतला. खाली पडलेलं एक झेंडूचं फूल उचलून माझ्या टोकावर ठेवलं आणि कपाळ टेकवलं. कुणाच्या तरी पादुकाच समजल्या त्या आम्हांला.

“तुझ्या मुलखात येतेय, बाबा,” त्या पुटपुटल्या. “मला तिथलं बोलता येत न्हाई, वाचता येत न्हाई. माझ्यापायी पोराला चारचौघांत खाली बघाया लावू नगंस.”

खोटं कशाला बोलू, मी फुगलो. आजवर माझ्यात वेफर्सच्या पिशव्या पडल्या, पोरांनी लाथा मारल्या. कपाळ कुणी टेकवलं नव्हतं. वाटलं, देऊन टाकावा आशीर्वाद. पण द्यायला आत काही असावं लागतं ना? आत नुसती पोकळी.

तेवढ्यात हसू फुटलं. आधी कोण हसलं असेल? दिग्विजय.

“आई! अगं, बूट आहे तो, बूट! त्यात उभं राहून फोटो काढायचा असतो!”

पोरगा एवढ्यांदा ओरडला की सगळी बाग वळून बघायला लागली. फिरायला आलेल्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीनं मोबाइल पुढे केला. “सो क्यूट! आजी, परत एकदा करा ना, प्लीज!” पहारेकरी रंगराव लगबगीनं आले. “ऱ्हाऊ द्या, आजी. लोक थुंकत्यात त्याच्यात. पुसा कपाळ.”

यमुनाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. पुसतच राहिल्या. घाईत चपला उलट्या पायांत घातल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

“दिग्या, माझं तिकीट काढू नगंस.”

“अगं आई, गंमत होती ती!”

“गंमतच हुती. मी कुटं न्हाई म्हंते? पन हितं हडपसरात, माझ्या मान्सांत, तू हसलास. तिथं तर मी रोज काय ना काय चुकंन. किती येळा हसशील?”

“अहो आई, मी आहे ना तिकडे,” निशा म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं की माझाच रंग उडाला.

दिग्विजय खाली बघत उभा राहिला. यमुनाबाईंनी माझ्याकडे काय मागितलं होतं आणि झालं काय! शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आता माझ्यासमोर नवी पाटी आहे: ‘हा बूट आहे. नमस्कार करू नये.’ लोक ती वाचतात आणि मुद्दाम हात जोडून फोटो काढतात. मी तोंड कुठे लपवू? मला घडवणाऱ्यांनी लेसही दिली नाही, ओढून घ्यायला.

काल दिग्विजय एकटाच आला. उद्या त्याचं विमान. बराच वेळ चौथऱ्यापाशी घुटमळला आणि कुणी जवळ नाही असं बघून हळूच म्हणाला, “काय मागत होती रे ती?”

आणि मी, वादळाच्या आणि बुडालेल्या बोटीच्या बाता मारणारा मी! आयुष्यात पहिल्यांदा सांगण्यासारखं खरं काही जवळ होतं, आणि तोंड नव्हतं. तो थांबला, वाट पाहिली, गेला.

तुम्हांला तो कुठे भेटला तर माझं एवढं काम करा. त्याला म्हणावं, बुटाला काय विचारतोस? आई घरीच आहे.