गाणं म्हटल्याशिवाय सुंडल नाही

एकाच छपराखाली दोन अलौकिक बुद्धिमत्ता एकदम नांदल्याची उदाहरणं मानवजातीच्या इतिहासात फार थोडी. त्यातलं सर्वांत ताजं कुंभकोणमला, मेलकावेरीत, चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या कृष्णकुमारच्या घरी होतं, असं खुद्द कृष्णकुमारचं मत होतं. हे मत तो बायकोला ऐकवत होता, तेव्हा त्यातल्या एका बुद्धिमत्तेच्या नाकात हरभरा अडकला होता.

“व्याख्यान नंतर. आधी त्याला धरा,” लावण्या म्हणाली. तिने तीन वर्षांच्या सेतूची मोकळी नाकपुडी दाबली. “हं, फूं कर.”

सेतूने फूं केलं. हरभरा सुटला तो नवरात्रासाठी मांडलेल्या बाहुल्यांच्या कोलूच्या तिसऱ्या पायरीवर गेला. तिथे मातीचा चेट्टियार वाणी मातीच्या बायकोसह किराणा दुकान मांडून बसला होता. हरभरा बरोबर त्याच्या पोत्यात पडला.

“नेम पाहिलास?” कृष्णकुमार आनंदाने ओरडला. “किराणा माल किराणा दुकानात! अन् वय काय, तीन!”

त्या दिवशी त्याला असा आनंद दर दहा मिनिटांनी होत होता. सकाळी सेतूने कोलूतले दहाही अवतार ओळखले होते. नरसिंहाला ‘पापनाशम् आजी’ म्हणाला खरा, पण बाकीचे नऊ बिनचूक. पाच वर्षांच्या पवित्राने विठ्ठलाचं पद न अडखळता म्हटलं होतं. आता फक्त संध्याकाळ नीट पार पडायची होती. कारण संध्याकाळी खऱ्या पापनाशम् आजी यायच्या होत्या.

या म्हणजे कृष्णकुमारच्या वसंता आत्या. पापनाशम्‌च्या एका मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. साऱ्या नोकरीत त्यांनी कुणाला ‘शाबास’ म्हटल्याची नोंद नाही. आठ वर्षांच्या कृष्णकुमारने देवळातल्या हत्तीचं चित्र काढून पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हा आत्यांनी ते चित्र खिडकीशी नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “पुढच्या पायाला पाच नखं असतात. तू चारच काढलीस.” कृष्णकुमार आता अडतीस वर्षांचा होता. देवळावरून जाताना अजून हत्तीची नखं मोजायचा. आपल्याला नाही तर नाही, निदान आपल्या पोरांना तरी तो शब्द आत्यांच्या तोंडून मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती.

सहाच्या सुमारास रिक्षा थांबली. आत्या उतरल्या, पायऱ्या चढल्या आणि उंबऱ्यात अडल्या. समोर परकर-पोलक्यातली पवित्रा कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती.

“वांगो, वांगो, पापनाशम् आजी,” तिने तमिळमध्ये ऐसपैस स्वागत केलं आणि लगेच घरच्या मराठीवर आली. “आता गाणं म्हणा.”

“गाणं? मी?”

“कोलू बघायला आलं की गाणं म्हणायचं. मग कुंकू. मग सुंडल.”

रीत खरी होती; हरभऱ्याच्या उसळीचा तो प्रसाद गाण्याशिवाय मिळत नसे. पण ती आत्यांना लागू करण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. कृष्णकुमार घाईने मधे पडला. “पवित्रा! आधी तू म्हण बघू ते विठ्ठलाचं!”

“मी घरची आहे, अप्पा. घरच्यांनी नाही, पाहुण्यांनी म्हणायचं. शेजारच्या मामी तर दोन गाणी म्हणाल्या.”

“मला येत नाही गं,” आत्या म्हणाल्या.

“सगळे आधी असंच म्हणतात.”

आत्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा छताकडे पाहत होता. मग आत्यांनी पदर सावरला, घसा खाकरला आणि त्या गायला लागल्या. त्यांच्या आईची जुनी आरती. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला, हळूहळू सैल झाला.

आणि आतून ताल ऐकू आला. सुंडलाच्या पातेल्याशेजारी बसून सेतू पितळी झाकणावर थाप देत होता. ठाय ठाय, नेमका समेवर! महिनाभर कृष्णकुमारने मांडीवर घेऊन शिकवला, तेव्हा या पोराला ताल म्हणजे खायची वस्तू वाटत होती. आता एका हाताने तो ताल सांभाळत होता. दुसऱ्या हाताकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आत्या एका ओळीला चुकल्या. झाकण थांबलं.

“पुन्ना,” आतून हुकूम आला.

आणि वसंता आत्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली! कृष्णकुमारने लावण्याचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा ठसा त्याच्या तळव्यावर उठला.

आरती संपली. पवित्राने चवड्यांवर उभं राहून आत्यांना कुंकू लावलं. बरंचसं नाकावर पडलं. मग तिने द्रोणात दोन पळ्या सुंडल घातलं, थोडा विचार करून तिसरी घातली आणि द्रोण पुढे केला.

“एकदाच चुकलात. शाबास, आजी!”

आत्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“काच धुरकट झालीय,” त्या चष्मेवाल्या भाच्याला म्हणाल्या. काच स्वच्छ होती. ती त्यानेच गेल्या महिन्यात बसवली होती.

“कृष्णा, हे सगळं तू शिकवलंस?”

होय म्हणायला एक क्षण पुरला असता. अख्खं बालपण त्या क्षणाला लोंबकळत होतं. पण समोर पवित्रा उभी होती आणि ती खोटं पकडण्यात अलौकिक होती.

“नाही, आत्या. मी शिकवलेलं त्यांनी अजून काहीच केलं नाही.”

आत्यांनी एक हरभरा तोंडात टाकला. सावकाश चावला.

“यांच्या मधे मधे केलं नाहीस म्हणायचं. शाबास, कृष्णा.”

तीस वर्षं! कृष्णकुमारला मातीचा चेट्टियारसुद्धा हसताना दिसला. डोळे भरून आले, छाती फुगली, या प्रसंगाला साजेसं काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तोच कुणीतरी त्याची कमरेची वेष्टी खाली ओढली.

“अप्पा,” सेतू मान वर करून म्हणाला, “आता या नाकातला काढ.”