खोट्या भेगांमधली खरी भेग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रोलरकोस्टर आहे. लोक माझ्याबद्दल काहीही म्हणोत, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी मेलेलो नाही.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या उद्यानात झाला. सुतारांनी पाइनच्या फळ्यांचे थरावर थर रचून माझा रूळ बांधला, वर पोलादाची पट्टी ठोकली आणि माझे नाव ठेवले रेड फॉक्स. त्यांतल्याच एका सुताराची नात, व्हर्ना स्टोल्ट्झ, आज माझी देखभाल करते. तिचे वय एकसष्ट, आणि गुडघे माझ्यापेक्षा जास्त करकरतात. रोज सकाळी ती हातोडी घेऊन माझ्या रुळावरून पायी चालते. ठोकते, थांबते, ऐकते. घट्ट फळी खणखणीत बोलते, बिघडलेली फळी भद्द आवाज करते. मग रिकाम्या गाडीच्या शेवटच्या बाकावर बसून पहिली फेरी ती स्वतः मारते. त्यानंतरच माणसे आत येतात.

एकेकाळी माझी रांग तळ्याला वळसा घालून जायची. मग पोलादी रुळांचे नवे राक्षस आले, ते माणसांना उलटे टांगतात. माझी रांग आटली, रंगाचे पोपडे उडाले आणि कोणी नवा हात दिला नाही. तरी मी धावत राहिलो.

पुढे हॅलोविनसाठी उद्यान ऑक्टोबरभर उघडे राहू लागले. भुताखेतांचे कपडे घालून कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. काहीतरी भयाण दिसणारे हवे होते. सजावट करणारा डेरिक माझ्याकडे बघून म्हणाला, "याला फार काही करावं लागणार नाही. हा मेलेलाच दिसतो."

त्याने माझ्या दाराशी 'मृतांची गाडी' अशी पाटी टांगली. अंगावर खोटी कोळिष्टके पांघरली, फळ्यांवर काळ्या रंगाने भेगा काढल्या आणि लाकूड मोडल्याचा आवाज करणारे कर्णे लावले. मित्रांनो, इतकी वर्षे मोडलो नाही, आणि आता मोडल्याचे नाटक करायचे! माझा नाइलाज होता, पण मी ते मान्य केले नाही.

एका शनिवारी पहाटे कडक थंडी पडली. थंडीने लाकूड आकसले आणि तिसऱ्या वळणावरच्या फळीला भेग गेली. खरी भेग. व्हर्ना तिथवर आली तेव्हा कर्णे कडकडत होते.

"डेरिक, ते बंद कर. मला काही ऐकू येत नाही."

"दोनच मिनिटं, व्हर्ना. आवाज जुळवतोय."

तिने थांबायला हवे होते. पण गुडघे ठणकत होते आणि फाटकाबाहेर गर्दी जमली होती. तिने फळीवर हातोडी मारली, भेगेकडे पाहिले, "हीसुद्धा त्याचीच" असे पुटपुटली आणि पुढे गेली.

मी हादरलो. मला तोंड नाही, पण आता ती गाडीत बसून येणार होती. एरवी असा धक्का मी खालच्या थरांवर झेलतो, बसणाऱ्याला कळूही देत नाही. त्या दिवशी झेलला नाही. तिसऱ्या वळणावर व्हर्ना बाकावरून वीतभर उडाली.

गाडी थांबताच ती पुन्हा वर चढली. मागोमाग डेरिक आणि उद्यानाची व्यवस्थापक ग्रेटा.

"अहो, ती माझीच भेग आहे," डेरिक म्हणाला.

व्हर्नाने शेजारच्या भेगेवर नख ओढले. काळा रंग नखात आला. मग या भेगेवर ओढले. नख आत गेले.

"ही तुझी नाही," ती म्हणाली. "आणि मी हिच्यावरून चालत गेले."

ग्रेटाने खाली रांगेकडे पाहिले. "व्हर्ना, रांग बघितलीस का? आज बरेच जण याच्यासाठीच आलेत. हळू चालवली तर?"

"मग पहिल्या बाकावर तू बस."

व्हर्नाने गाडीची किल्ली काढून खिशात घातली.

खाली रांगेत कुरकुर सुरू झाली. टेसा नावाची मुलगी चेटकिणीच्या वेशात, टोकदार टोपी घालून आजोबांबरोबर उभी होती. गेल्या वर्षी, गाडीत बसण्याइतकी उंची आहे का ते मोजणाऱ्या काठीला ती दोन बोटे कमी पडली होती.

"आजोबा, हा खरंच मोडलाय की नाटक आहे?"

"विचार तिला," आजोबांनी खाली उतरणाऱ्या व्हर्नाकडे बोट दाखवले.

टेसाने विचारले. व्हर्ना म्हणाली, "एक फळी मोडलीय. बाकी नाटक. दोन्ही काढते, मग ये. आणि ती टोपी काढून उंची मोज, टोपी धरत नाहीत."

चार जणांनी मिळून ती फळी बदलली. तोवर डेरिकने कोणी न सांगता शिडी लावली आणि माझ्यावरच्या भेगा एकेक करून खरवडल्या. कोळिष्टके उतरवली, कर्णे उतरवले. पाटी शेवटी काढली. मग व्हर्नाने पुन्हा अख्खा रूळ ठोकत पार केला. त्या शांततेत माझा आवाज तळ्यापलीकडे गेला असेल. पहिली फेरी तिने मारली. डेरिक स्वतःहून तिच्याशेजारी बसला.

चार वाजता टेसा टोपीशिवाय काठीला पुरली आणि गाडीत बसली. उन्हात, एकही भूत नसताना, ती पहिल्या उतारापासून शेवटपर्यंत किंचाळली. उतरल्यावर आजोबांना म्हणाली, "परत."

आता दर ऑक्टोबरला सजावट असते, पण माझ्या कुंपणाबाहेर. भोपळे ठेवा, भुते नाचवा, माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्याही आसपास जुन्या वस्तू असतील, जुनी माणसेही असतील. त्यांच्या सुरकुत्यांना हसून पुढे जाऊ नका. सगळ्याच भेगा रंगाच्या नसतात आणि सगळ्याच मरणाच्याही नसतात. गोंगाट बंद करा, जवळ या, ठोका आणि थांबून ऐका.

व्हर्ना उद्या सकाळी येईल. तिने ठोकले की मी उत्तर देईन, खणखणीत.