दोन इंची नळी आणि चार शिक्के

जपानमधल्या ग्योतोकुत राहायला आल्यापासून शैलेंद्र आगाशेचं पाकीट तीनदा हरवलं आणि तिन्ही वेळा परत आलं. तिसऱ्या वेळी तर आत एक चिठ्ठीही होती, की पाकिटाची शिवण एका बाजूला उसवली आहे, कृपया काळजी घ्यावी. अशा गावात तेरा वर्षं सुखाने काढलेल्या माणसाने एका सोमवारी सकाळी ठरवलं, की आपल्याला आता एक रिव्हॉल्व्हर लागणार.

कारण ह्यूस्टन. कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी टेक्सासमधल्या ह्यूस्टनला पाठवायचं म्हटलं होतं. हुद्दा मोठा, घराला पुढे हिरवळ, मागे हिरवळ. साहेब मोरी-सान म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत सांगा. ह्यूस्टनच्या ऑफिसात पूर्वीचा एक सहकारी होता, शिरीष नावाचा. त्याने व्हिडिओ कॉलवर आपुलकीने सल्ला दिला, "आगाशे, पहिल्या महिन्यात तीन गोष्टी घे. गाडी, गवत कापायचं मशीन आणि खिशात मावेल असं रिव्हॉल्व्हर. त्यातलं मशीन भाड्यानेही मिळतं."

शैलेंद्र कुठलीही वस्तू अभ्यासाशिवाय घेत नसे. भाताचा कुकर घेताना त्याने दोन आठवडे घेतले होते. रिव्हॉल्व्हरसाठी त्याने तेवीस रकान्यांची एक्सेल शीट केली. नळी दोन इंची, म्हणजे खिशात मावते. गोळ्या पाच, कारण सहा घातल्या की चक्र जाड होतं आणि पँटमधून दिसतं. घोडा झाकलेला असावा, नाहीतर बाहेर काढताना खिशात अडकतो. वजन कमी असावं, पण फार कमी नको, कारण हलकं रिव्हॉल्व्हर उडवलं की चोरापेक्षा मालकाचंच मनगट जास्त दुखतं. चापाला ओढ किती, पुन्हा भरायला वेळ किती, पावसाळी हवेत गंजतं का. शेवटच्या रकान्यात त्याने 'वॉरंटी' असंही लिहिलं होतं.

शीट झाल्यावर त्याने प्रस्ताव केला. जपानी ऑफिसात निर्णय कुणी एक माणूस घेत नाही. एक कागद निघतो, टेबलाटेबलांवरून फिरतो, प्रत्येक जण त्यावर आपला लाल शिक्का उमटवतो, आणि पुढे काही बिघडलं तर चूक कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. शैलेंद्रला ही पद्धत इतकी आवडली होती, की सोफा आणि मुलीची, कश्मिराची, सायकल त्याने घरातही अशीच मंजूर करून घेतली होती. या पद्धतीत धोका एकच. खरेदी विभागातल्या ओकादा-सान नावाच्या सज्जन गृहस्थांनी एकदा एका कागदावर शिक्का उलटा मारला होता, डोकं खाली, पाय वर. अर्थ असा, की वरून आलंय म्हणून अडवत नाही, पण मला हे पटलेलं नाही. त्या प्रकल्पाचं नाव आजही ऑफिसात कुणी मोठ्याने घेत नाही.

घरातल्या प्रस्तावाचा विषय होता : 'ह्यूस्टन येथे स्थलांतर करणे व तदनुषंगाने स्वसंरक्षणार्थ एक (१) लघु रिव्हॉल्व्हर निवडणे बाबत'. दोन विषय एका कागदावर घालण्यात हुशारी होती. एकाला हो म्हटलं की दुसऱ्यालाही झालं. खाली चार चौकोन. पहिल्यात त्याचा स्वतःचा शिक्का आधीच पडलेला होता.

बारा वर्षांच्या कश्मिराने कागद वाचला आणि जपानीत विचारलं, "बाबा, कुणाला मारणार?"

"कुणालाच नाही. हे नुसतं असावं लागतं."

"मग पाच गोळ्या कशाला?"

"ह्यूस्टनला कुत्रा पाळता येतो," शैलेंद्र म्हणाला. दुसऱ्या चौकोनात सशाचं चित्र असलेला शिक्का पडला.

तिसरा चौकोन पुण्याला होता. शैलेंद्रचे वडील पंढरीनाथराव बँकेतून निवृत्त झाले होते, पण पुरते नाही. फोनवर ते म्हणाले, "आमच्या शाखेत तीस वर्षं बंदूकवाला वॉचमन होता. त्याची बंदूक कुठे असायची, माहितीये?"

"कुठे, बाबा?"

"स्ट्राँगरूममध्ये. चोरीला जाऊ नये म्हणून. तो बिचारा बाहेर छत्री घेऊन बसायचा. आणि ऐक, तीस वर्षांत एकही दरोडा नाही. छत्रीचं वजन तुझ्या त्या शीटमध्ये आहे का?"

तरीही त्यांनी कागद छापून घेतला, त्यावर बँकेचा जुना रबरी शिक्का मारला आणि फोटो पाठवला. शिक्क्यावर एकच शब्द होता : 'पाहिले'. बँकेत या शब्दाचा अर्थ वाचले असा कधीच होत नसे.

राहिली बायको, स्वप्ना. ती कोतोमधल्या भारतीय शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे कागद हातात आला की आधी चुका शोधायची.

"ठेवणार कुठे?"

"बाहेर जाताना खिशात. कुणाला दिसत नाही."

"घरात?"

"घरात तिजोरीत. कश्मिरा आहे ना."

"आणि गोळ्या?"

"दुसऱ्या तिजोरीत. तसाच नियम पाळतात."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे. एक तुझ्याकडे."

"म्हणजे चोर आला की आधी तू मला उठवणार, मी माझी पर्स शोधणार, आणि तोवर त्याला म्हणायचं काय? बसा, पाणी घ्या?" स्वप्नाने कागद टेबलावर ठेवला. "रविवारी ड्रिल घेऊ. तू किती वेळात तयार होतोस ते बघू. मग शिक्का."

हे ती गमतीने म्हणत नव्हती. ड्रिल या शब्दाची गंमत त्या घरात दोन हजार अकराच्या मार्चमध्ये संपली होती. भूकंप झाला तेव्हा शैलेंद्र निहोनबाशीच्या ऑफिसात होता आणि स्वप्ना सहाव्या मजल्यावर, चार महिन्यांच्या कश्मिराला घेऊन. गाड्या बंद, फोन बंद. तो साडेपाच तास चालत आला. घराचं दार सताड उघडं होतं, ते मिटू नये म्हणून फटीत एक चप्पल खुपसलेली होती, आणि आत शेजारच्या हायाशी-सान मांडीवर कश्मिराला झोपवत बसल्या होत्या. त्यांनीच भिंतीवर धपाधपा मारून स्वप्नाला ओरडून सांगितलं होतं, आधी दार उघडा, चौकट वाकली की ते उघडत नाही. शैलेंद्र बुटांची लेस सोडायला वाकला तेव्हा हायाशी-सान म्हणाल्या, "आज गाडीला उशीर झाला वाटतं."

तेव्हापासून शैलेंद्रला एकच गोष्ट छळत असे. घरच्यांवर प्रसंग आला आणि आपण तिथे नव्हतो. पुढच्या वेळी आपण तिथे असायचं आणि हातात काहीतरी असायचं. तेवीस रकान्यांत यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी तो खेळण्यातल्या बंदुका विकणाऱ्या दुकानात जाऊन आला. अठरा वर्षांवरच्यांसाठीचं खेळणं होतं, प्लास्टिकचं पण वजन हुबेहूब. झाकलेल्या घोड्याचं मॉडेल संपलं होतं, त्याबद्दल दुकानदाराने दोनदा वाकून माफी मागितली, उघड्या घोड्याचं दिलं, ते पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि चिकटपट्टी लावली. गाडीत कुणी घाबरू नये म्हणून.

रविवारी सकाळी दहाला ड्रिल सुरू झाली. कश्मिरा शाळेची भूकंपाची जाड टोपी घालून, स्टॉपवॉच घेऊन खुर्चीवर बसली. स्वप्ना चोर झाली. तिने बाहेर जाऊन बेल वाजवली.

"चोर बेल वाजवत नाही!" शैलेंद्र आतून ओरडला.

"मी जपानमधली चोर आहे," स्वप्ना म्हणाली आणि चपला नीट जोडून आत आली.

पहिल्या फेरीत तिजोरी म्हणून बिस्किटांचे दोन डबे कपाटात ठेवले होते, कुलपं लावून. किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात निघाली, ती पँट वाळत घातलेली होती. "चार मिनिटं दहा सेकंद," कश्मिराने जाहीर केलं. तेवढ्यात चोराने ओट्यावरची भांडी जागेवर लावून टाकली होती.

दुसऱ्या फेरीत रिव्हॉल्व्हर खिशातच होतं. शैलेंद्रने ते झटक्यात ओढलं, घोडा खिशाच्या अस्तरात अडकला, आणि अस्तर, चिल्लर, रेल्वेचा पास असं सगळं बाहेर आलं. रिव्हॉल्व्हर सोडून.

"अडतीस सेकंद. बाबा, तुमचा पास चोराच्या पायाशी पडलाय."

"घ्या," म्हणत चोराने पास उचलून दोन्ही हातांनी दिला.

"तू नीट चोरी कर ना!" शैलेंद्र वैतागला. "घोडा झाकलेला असता तर हे झालं नसतं. दुकानात नव्हता."

"चोराला सांगू, पुढच्या महिन्यात माल येतोय."

तिसऱ्या फेरीला त्याने आधी श्वास घेतला, खिशात हात घातला, अंगठ्याने घोडा झाकला आणि रिव्हॉल्व्हर अलगद बाहेर काढलं. दोन्ही हातांत धरलं. पाय फाकवले. आता तो शोभत होता. नेमक्या त्याच क्षणी घरातले तिन्ही फोन एकदम किंचाळले. भूकंपाची सूचना. पाठोपाठ दिवा हलायला लागला आणि कपाटातल्या वाट्या एकमेकींवर आपटू लागल्या.

कश्मिरा टेबलाखाली गेली, स्टॉपवॉचसकट. स्वप्नाने गॅस बंद केला, दोन ढांगांत दार गाठलं, ते उघडलं, फटीत चप्पल खुपसली आणि ती टेबलाखाली शिरली. शैलेंद्र खोलीच्या मधोमध होता तसाच उभा राहिला. हातात काहीतरी होतं आणि तो तिथे होता. पुढे काय करायचं हे शीटमध्ये नव्हतं.

उघड्या दारात ब्याऐंशी वर्षांच्या हायाशी-सान आल्या. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात रेडिओ. समोर शेजारी रिव्हॉल्व्हर रोखून उभा. त्यांनी नळीकडे पाहिलं, हलणाऱ्या दिव्याकडे पाहिलं.

"आगाशे-सान," त्या म्हणाल्या, "आधी टेबलाखाली."

शैलेंद्र टेबलाखाली गेला.

हलायचं थांबल्यावर कश्मिराने निकाल वाचला. "मी दोन सेकंद. आई चौदा, गॅस आणि दार धरून. बाबा एक मिनिट पाच, तेही आजींनी सांगितल्यावर."

रेडिओने सांगितलं, लाटांचा धोका नाही. हायाशी-सान चहाला थांबल्या. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. शैलेंद्र घाईघाईने म्हणाला, "खेळणं आहे. सरावासाठी."

"छान केलंय," त्या म्हणाल्या. "पण टाकताना हा स्क्रू काढावा लागेल, तो धातूत जातो. बाकीचं जळणाऱ्या कचऱ्यात. पारदर्शक पिशवीत तसंच टाकू नका हं. कागदात गुंडाळा आणि वर लिहा, खेळणं. कचरा उचलणाऱ्या मुलांना उगीच धास्ती."

म्हणजे ते टाकायचंच, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं.

त्या गेल्यावर स्वप्नाने प्रस्ताव पुढे ओढला. शैलेंद्र म्हणाला, "तिथे भूकंप होत नाहीत, स्वप्ना."

"माहितीये. तू काय रे, मी भित्री म्हणून नको म्हणते असं वाटतंय तुला?" ती शिक्का शाईवर दाबत म्हणाली. "इथे काही झालं की मी दार उघडते. बारा वर्षं तीच सवय लागलीये हाताला. तिथे काही झालं की दार लावायचं, कुलूप घालायचं आणि बाहेर कोण आहे त्याच्यावर नळी धरायची. आज बाहेर हायाशी-सान होत्या."

शैलेंद्रला आठवलं, आज आपलं बोट चापावरच होतं.

"तुझी बढती आहे. अडवणार नाही मी. तू म्हणशील तर येईन." तिने चौथ्या चौकोनात शिक्का उमटवला. 'आगाशे' ही जपानी अक्षरं स्वच्छ, ठसठशीत उमटली. डोकं खाली, पाय वर.

सोमवारी शैलेंद्र मोरी-सानांसमोर बसला. काय सांगावं हे रात्रभर जुळवलेलं ऐनवेळी आठवेना, म्हणून त्याने घरचा कागदच पुढे केला. मराठी मोरी-सानांना येत नव्हतं, शिक्के येत होते. ससा पाहून ते किंचित हसले. 'पाहिले'वर त्यांनी आदराने मान हलवली. चौथ्या चौकोनाशी त्यांची नजर थांबली आणि त्यांनी दातांमधून लांबलचक श्वास आत ओढला.

"पत्नी?"

"हो."

"ओकादा-सान आठवतात?"

"आठवतात."

मोरी-सानांनी कागद दोन्ही हातांनी परत केला. "ह्यूस्टनला कळवतो, की आगाशे-सानांचा विचार चालू आहे."

या देशात विचार चालू आहे म्हणजे नाही. ह्यूस्टनमध्ये त्याचा अर्थ विचार चालू आहे असाच होतो, त्यामुळे तिकडची मंडळी पुढचे सहा महिने आशेवर राहिली, पण त्याला इलाज नव्हता.

कचऱ्याच्या दिवशी शैलेंद्रने कागदात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर खाली नेलं. वर ठळक लिहिलं होतं : 'खेळणं. घाबरू नये.' हायाशी-सानांनी तिथल्या तिथे पुडकं उघडून तपासलं, त्याच्याकडून राहिलेला दुसरा स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि पुडकं पुन्हा त्याच्यापेक्षा नीट बांधून दिलं.

त्यानंतर गुरुवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, पुन्हा फोन किंचाळले. शैलेंद्र उठला, दारापाशी गेला, दार उघडलं, हाताला लागली ती चप्पल फटीत खुपसली आणि टेबलाखाली शिरला.

"नऊ सेकंद," टेबलाखालून कश्मिरा म्हणाली.

चप्पल स्वप्नाची होती, त्याच दिवशी घेतलेली, आणि तिचा पट्टा तुटला होता. त्यावर नंतर घरात पुष्कळ बोलणं झालं. दार उघडंच होतं, त्यामुळे हायाशी-सानांनी तेही ऐकलं.