पाचवी लेव्हल

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला फुगे फुगवायला लावू नयेत. पहिल्या चार-पाच फुग्यांपर्यंत ठीक असतं, मग डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागतात आणि फुगा मोठा होतोय की आपलंच डोकं, हे कळेनासं होतं. ज्योतीराम रविवारी सकाळी आठला कंपनीच्या बसमधून तळवड्याच्या चौकात उतरला, घरी येऊन पोहे खाल्ले आणि फुग्यांचं पाकीट घेऊन भिंतीला टेकून बसला. अकरा वाजेपर्यंत छत्तीस फुगे झाले. रात्रभर त्यानं चाकणला गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे प्रेसखाली सरकवले होते, आणि आज रात्री पुन्हा तेच करायचं होतं. त्याची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. लेकीचा वाढदिवस नेमका रविवारी आला, त्याला कोण काय करणार?

शेजारच्या मशीनवरच्या सुजितकडे त्यानं शिफ्ट बदलून मागितली होती. "राव, मेहुण्याचा साखरपुडा नसता तर डोळे झाकून दिली असती," सुजित म्हणाला. हा मेहुणा वर्षातून तीनदा साखरपुडा करतो, असं ज्योतीरामच्या तोंडावर आलं होतं. पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

"अहो, तासभर पडा की," विजयश्री आतून म्हणाली. ती सकाळपासून इडल्यांचे घाणे काढत होती. "पोरं साडेचारला येणार."

"पडलो की गेलो बघ मी. मग मला उठवायला जेसीबीच बोलवावा लागंल."

हे काही गमतीनं म्हटलेलं नव्हतं. गेल्या वर्षी 'पाचला उठव' म्हणून तो आडवा झाला होता. विजयश्रीनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तिलाच दया आली. अपेक्षानं सहा मेणबत्त्या विझवल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यासारखं केलं, आणि त्या फोटोत केकच्या मागे कॉटवर चादरीचा एक ढिगारा दिसतो. एका मैत्रिणीनं फोटो बघून विचारलं होतं, हे मागं काय आहे? "पप्पा," अपेक्षानं सांगितलं होतं. विजयश्रीनं हा किस्सा त्याला हसत हसत ऐकवला. त्याला काही हसू आलं नाही. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, की पुढच्या वाढदिवसाला मी जागा राहणार. तिनं मान डोलवली होती. मोठी माणसं लहान पोरांच्या बोलण्याला मान डोलवतात, तशी.

यंदा अपेक्षाला व्हिडिओ गेमचा वाढदिवस हवा होता. आईच्या मोबाइलवर ती एक गेम खेळायची. हेल्मेट घातलेला एक ससा गाजरं गोळा करत एकेक लेव्हल पार करतो आणि शेवटी गुहेतल्या अस्वलाला, म्हणजे बॉसला, हरवून चावी मिळवतो. ज्योतीरामला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बॉस म्हटल्यावर त्याला आपला सुपरवायझर आठवला आणि गेम एकदम पटली.

मग तो हात धुऊन त्या वाढदिवसाच्या मागे लागला. कंपनीतून रिकामी खोकी आणली. त्यांच्या गेटपासवर सही मिळवायला तीन दिवस साहेबाच्या मागे फिरला. खोक्यांचा बोगदा केला, फरशीवर पिवळी टेप चिकटवून रस्ते आखले, जिन्यात कागदाची गाजरं लपवली, रिंग टाकायला बाटल्या मांडल्या. प्रत्येक ठिकाणी नंबर टाकला आणि लेव्हल पास झालेल्या पोराच्या शर्टावर लावायला हिरवे ठिपके आणले. कारखान्यात माल तपासून पुढे सोडतात, तसंच सगळं. त्याला दुसरी कुठली पद्धत माहीतच नव्हती.

अशा चार लेव्हल त्याच्या. पाचवी अपेक्षाची. तिनं मोठ्या कार्डशीटवर पाच चौकोन काढून भिंतीला लावले होते आणि पाचव्यावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून टाकला होता.

"बॉस मीच ना?" त्यानं आठवडाभरापूर्वी विचारलं होतं.

"हो पप्पा, तुम्हीच."

"मग मी काय करायचं ते तरी सांग."

तिनं जरा विचार केला. "तुम्ही काहीच नाही करायचं. तुम्ही फक्त घरी असायचं."

पण बॉस म्हणजे अस्वल आणि अस्वल म्हणजे डरकाळी, एवढं त्याला कळत होतं. घरी सराव करायची लाज वाटली, म्हणून त्यानं तो प्रेसशेजारी केला. कानात बोळे आणि समोर तीनशे टनाचा दणका. त्या आवाजात त्याची डरकाळी त्याला स्वतःलाच ऐकू आली नाही, पण घसा मात्र बसला.

साडेचारला पोरं आली. अकरा होती, अपेक्षा धरून बारा. तळमजल्यावर घरमालकीण शालनबाई राहायच्या, त्या जिन्याशी खुर्ची टाकून बसल्या. "दंगा करा, मला काय न्हाई त्याचं," त्या म्हणाल्या. "पर जिन्यात पळू नका, त्वांड फुटंल."

पोरांनी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. पाच मिनिटांत गणराज नावाचा एक गुटगुटीत पोरगा खोक्यांचा बोगदा भेदून बाजूनं बाहेर आला. एक मुलगी आपल्याला गाजर मिळालं नाही म्हणून पायरीवर बसून रडायला लागली. इडलीची चटणी फुग्याला लागली. दोन खोल्यांच्या त्या घरानं इतका आवाज कधी ऐकला नव्हता. आपली पोर किती गुणी, दंगा म्हणून करत नाही, असं ज्योतीराम कंपनीत सगळ्यांना सांगायचा. तशीच ती आजही होती. बाकीची किंचाळत होती आणि ही ओठ मिटून, गालात हसत, चवड्यांवर पळत होती.

तो बसत नव्हता. बसलं की संपलं, हे त्याला माहीत होतं. त्यानं तोंडावर चारदा गार पाणी मारलं, तीन कप काळा चहा प्यायला, एकदा तर ओट्यावरची हिरवी मिरची चावली. तरी रिंगच्या लेव्हलला उभ्याउभ्या त्याचे डोळे मिटले आणि तो जोरात ओरडला, "चला, पुढचा पीस सोडा!" पोरं खो-खो हसली. पुढचा पीस म्हणजे एक दात पडलेली मुलगी होती, ती घाबरून मागे सरकली.

मधे जरा विसावा म्हणून त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला आणि तीच सशाची गेम मोठ्या पडद्यावर लावली. आवाज चांगला चढवून ठेवला. गेमचं गाणं सुरू झालं तशी अकराही पोरं एका सुरात "टुणुक टुणुक टा" करून नाचायला लागली. अपेक्षा दचकली. तिनं झटकन रिमोट उचलला आणि आवाज पार शून्यावर नेला.

"ए, गाणं का बंद केलं?" गणराज ओरडला.

"ह्याच्यात गाणं असतं?" अपेक्षा म्हणाली.

पोरांना ही थट्टा वाटली. ज्योतीरामलाही आधी हसू आलं, मग ते अर्धवटच राहिलं. दोन वर्षं पोर ही गेम खेळतेय आणि हिला गाणं माहीत नाही? काहीतरी टोचलं. पण डोकं इतकं जड झालं होतं की टोचलं कुठे, हेही शोधता येईना. त्यानं पुन्हा पाण्याखाली तोंड धरलं.

सहाला चौथी लेव्हल संपली. तो अजून जागा होता. स्वतःचाच त्याला अभिमान वाटला. विजयश्रीनं केक काढून ठेवला आणि त्याच्याकडे बघून हसली, जिंकलात म्हणून. त्यानं पुठ्ठ्याचा अस्वलाचा मुखवटा चढवला आणि घसा खाकरून तयार राहिला.

अपेक्षानं खुर्चीवर चढून वर्तमानपत्राचा तुकडा काढला.

चौकोनात एक कॉट होती. कॉटवर मिशीवाला माणूस, गळ्यापर्यंत चादर. तोंडातून निघणाऱ्या तीन वळणावळणाच्या रेघा. उशीखाली पिवळी चावी. वर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: झोपलेला बॉस.

ज्योतीराम मुखवट्यातून बघत राहिला.

"पप्पा," अपेक्षा म्हणाली, "झोपा ना."

सकाळपासून ज्या कॉटकडे त्यानं पाठ फिरवली होती, तिच्यावर तो मुकाट्यानं आडवा झाला. मुखवटा तिनंच काढून घेतला. उशी सारखी केली, खाली कागदाची चावी सरकवली, चादर ओढली. त्यानं डोळे मिटले. आता दोन मिनिटांत घोरणार आपण, असं त्याला वाटलं. आणि झोप साफ उडाली.

"ऐका," अपेक्षाचा आवाज कुजबुजीत आला. खोली चिडीचूप झाली. "दारातून उशीपर्यंत यायचं आणि चावी घेऊन परत जायचं. बॉस उठला की हरलो. कपाटापाशी ती फुटकी फरशी आहे ना, तिच्यावर पाय नाही द्यायचा, ती वाजते. दाराची कडी उचलायची नाही, अंगठ्यानं दाबून सरकवायची. शिंक आली तर फ्रॉकमध्ये तोंड घालायचं."

"आणि ते हलले तर?" दात पडलेल्या मुलीनं विचारलं.

"कुशीवर वळले की तिथंच थांबायचं. दहा मोजायचे मनात. पुन्हा घोरले की चालायचं."

एकेक पोर आलं. गणराजनं तिसऱ्याच पावलाला फरशी वाजवली आणि बाद झाला. कुणी हसलं, बाद. कुणी बाटलीला धडकलं, बाद. ज्योतीराम मिटल्या डोळ्यांनी ऐकत होता. त्या फरशीला आवाज आहे, हे त्याला आज कळत होतं. तिच्यावरून तो रोज चालत होता.

"लई अवघड आहे ही," गणराज कुरकुरला. "तू जिंकतेस का?"

"मी रोज खेळते. शाळेतून आल्यावर."

"आणि हरलीस तर काय होतं?"

"पप्पांची झोप मोडते. मग रात्री त्यांना मशीनवर झोप येते आणि हात आत जातो." तिनं हे पाढे म्हणावेत तसं सांगितलं. "म्हणून हरायचं नाही."

चादरीखाली ज्योतीरामच्या हातांची बोटं आपोआप मिटली. श्वास वरखाली होऊ नये म्हणून त्यानं तो धरून ठेवला, मग आठवलं की झोपलेला माणूस श्वास घेतो. त्यानं कसंबसं घोरल्याचा आवाज काढला.

शेवटी ती आली. आली हे त्याला कळलंच नाही. ना फरशी, ना कडी, ना फ्रॉकची सळसळ. फक्त उशीखाली दोन बोटं सरकली आणि निघाली. मग तिनं जे केलं ते खेळात नव्हतं. त्याच्या उघड्या पायांवर चादर ओढली, आणि खिडकीतला उजेड डोळ्यांवर येतो म्हणून टॉवेलची घडी अलगद कपाळावर ठेवली. रोजच्या सवयीनं हात गेला असणार.

"जिंकली!" कुणीतरी अर्धं ओरडलं.

"शू! इथं नाही. खाली जाऊन ओरडायचं."

बारा पोरं चवड्यांवर बाहेर गेली. कडी न वाजता सरकली. जिना उतरल्याचा आवाज नाही, आणि मग खालच्या पार्किंगमधून एकदम कल्ला उसळला.

वर खोलीत तो, छत्तीस फुगे आणि न कापलेला केक.

"झोपलात का?" विजयश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तिला हाताचं तू सांगितलंस?"

"एकदाच. पाच वर्षांची होती तेव्हा. सारखी तुम्हाला हलवून उठवायची, खेळायला चला म्हणून. तुमच्या कंपनीत तेव्हा त्या पोराची बोटं गेली होती ना. मी घाबरले होते हो. तोंडातून निघून गेलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "पुन्हा कधी तिनं उठवलं नाही. मला वाटलं, मोठी झाली."

ज्योतीराम उठून बसला. टॉवेलची घडी मांडीवर पडली. आपली गुणी पोर, आपली शांत पोर. कंपनीत किती जणांना सांगितलं होतं त्यानं. अंग शिशाचं झालं होतं, साडेनऊला बस होती, आणि उद्या सकाळी तो परत येऊन याच कॉटवर मेल्यासारखा पडणार होता. त्याला पर्याय नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. तो उठला. फुटक्या फरशीवर पाय देऊन, कडी खाडकन उघडून, अनवाणीच खाली गेला.

"बॉस उठला!" पोरं मोटारसायकलींच्या मागे पळाली. अपेक्षा पळाली नाही. कागदाची चावी हातात घेऊन ती जागच्या जागी उभी राहिली. तिचं तोंड उतरलं होतं.

"आवाज झाला का पप्पा?" तिनं विचारलं. उघड्या पार्किंगमध्ये, संध्याकाळच्या एवढ्या गलक्यात, ती कुजबुजत होती.

ज्योतीरामनं दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली आणि प्रेसशेजारी घोटलेली ती डरकाळी पोटातून काढली. अर्धी फाटकीच निघाली. अपेक्षा बघत राहिली. मग त्यानं तिच्यावर झेप घेतली, तशी ती किंचाळली. एवढी मोठ्यानं, की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून वळून बघायला लागला. किंचाळत, हसत, पाय आपटत ती पूर्ण पार्किंगभर पळत सुटली.

"आगं बया," शालनबाई खुर्चीतून उठल्या. "तीन वरसं ऱ्हातीया हितं. हिला एवढा आवाज हाय व्हय?"

ज्योतीराम बसक्या घशानं पुन्हा एकदा ओरडला आणि तिच्या मागे पळाला.