पिठीसाखर

आमच्या प्रयोगशाळेत नवरा-बायको दोघंही कामाला. तो यंत्रं सांभाळायचा, ती बाटल्यांत भाताची रोपं वाढवायची. डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली, तशी ती डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवू लागली. पण हा गडी बारा गावचं पाणी प्यालेला. माल्टोजच्या रिकाम्या बरणीत त्याने पिठीसाखर भरली आणि बरणी कपाटात मागे सारली. पिठीच का, तर ती चहात ढवळावी लागत नाही, कपात चमचा वाजत नाही! एवढं डोकं कधी यंत्रांवर चालवलं नाही.

माल्टोज हीसुद्धा साखरच, फक्त गोडीला कमी. फुलातल्या परागकोशांपासून रोपं काढायची, तर भाताला तीच मानवते. साध्या साखरेवर बरीच रोपं पांढरी निघतात, आणि पांढऱ्या रोपाला स्वतःचं अन्न करता येत नाही.

तिने केलेल्या संकराचं एकच झाड जगलं होतं. ते फुलल्यावर तिने त्याचे सगळे परागकोश एकाच खेपेला लावले. माल्टोज संपलं होतं. शोधताना मागची बरणी हाती लागली, तीच तिने वापरली. बरणी अर्धी झालेली पाहून नवऱ्याला वाटलं, साखरचोर मीच. आठवडाभर माझ्याशी फुगून होता.

रोपं आली ती सगळी पांढरीफटक. तोवर मूळ झाड वाळून गेलेलं, आणि तिची निवृत्ती तोंडावर.

"माझा हातच गेला गं," ती मला म्हणाली. "पाणी तेच, उजेड तोच, माल्टोज या बरणीतलं."

तो कप घेऊन दारातच उभा होता. गप्प बसला असता तर पचलं असतं.

"तुझा हात नाही गेला," तो म्हणाला. "त्यात माझी पिठीसाखर होती."

तिने बरणीकडे पाहिलं, मग कपाकडे. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करते. पण ती तीच साखर तोलायला बसली.

"आता कशाला?" त्याने विचारलं.

"या रोपांची साखर बंद केली तर ही मरतात," ती म्हणाली. "तुमची नाही केली तर तुम्ही. दोघांची राखण मला जमणार नाही. बरणी इथेच राहील."

तो कपातला गोड चहा ओतून टाकायला बेसिनकडे गेला. मी काही त्याची समजूत काढायला गेले नाही.