जांभई घेणारी अंगाई

दाराआड कोपऱ्यात उभी असते ना, मित्रांनो, ती मीच. एक जुनी काठी. मला डोळे नाहीत, कान नाहीत, पण टोक जमिनीला लागलं की जमीन मला सगळं सांगते. कुठली फरशी पोकळ आहे, कोण घाईत आहे आणि कोण घाईचं नुसतं सोंग करतंय, हे मला तळव्यातून कळतं. आणि वरची मूठ ज्याच्या हातात असेल, त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या बोटांतून कळतं. म्हणून मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म जिन्याच्या कठड्यातून झाला. एक कातारी होता, लाकडाला चरकावर धरून गोल करणारा. कुणाच्यातरी नव्या घरासाठी तो कठड्याचे दांडे कातत होता. त्यातला एक जास्तीचा उरला. घरात त्याचे म्हातारे वडील गुडघ्यांच्या नावानं खडे फोडत बसलेले. काताऱ्यानं उरलेला दांडा वाफेवर धरला, ओला-गरम असतानाच त्याचं डोकं वाकवलं आणि दोरीनं करकचून बांधून ठेवलं. फार दुखलं. पण दोरी सोडली तेव्हा मी दांडा राहिले नव्हते, काठी झाले होते.

म्हातारबाबांनी मला मिरवलं. दिसेल त्याला सांगायचे, "दोन पाय पळून गेले, तिसऱ्यानं लाज राखली!" माझ्या पायातला रबरी बूट झिजला की त्याच दिवशी नवा यायचा. आठवड्याला तेलाचं बोट फिरायचं. मला वाटायचं, आयुष्य असंच असतं.

मग म्हातारबाबा गेले. पुढे काही वर्षांनी कातारीही गेला. घरात राहिली त्याची बायको आणि त्यांची पाठीला पाय लावून पळणारी एकुलती एक मुलगी. बायको घरीच शिवणकाम करायची, म्हणून गल्ली तिला शिवणबाई म्हणायची. मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मला दाराआड उभं केलं गेलं. मशीनखाली घरंगळलेलं दोऱ्याचं रीळ ओढून काढायचं असलं, तर तेवढ्यापुरती माझी आठवण व्हायची.

पण भिंगरी मला विसरली नाही. ती मला हनुवटीखाली धरायची, आईची लांब फणी उलटी करून माझ्या अंगावर घासायची आणि तोंडानं सूर काढायची. मित्रांनो, मी तिचं पहिलं व्हायोलिन आहे. फणीच्या ओरखड्यांच्या त्या रेघा माझ्या अंगावर अजून आहेत.

ती वाजवायची ती चाल एकच. आईची अंगाई. शिवणबाईनं ती स्वतःच रचली होती, मशीनचं पायडल हलवता हलवता.

नीज नीज गं पाखरा, दिवा पेंगुळला कोनी,
सुई पुसते दोऱ्याला, वाट उरली किती अजूनी.
दोरा म्हणतो सुईला, पुढे चाल तू गं बाई,
जिथं तुझं पाऊल पडे, तिथं माझी गाठ राही.

पण दिवसभर शिवून दमलेली बाई ती. 'वाट उरली किती' म्हणताना तिला दर वेळी जांभई यायची. 'किती'चा सूर लांबत जायचा, वर चढायचा आणि एकदम धपकन खाली यायचा. पोरीला काय ठाऊक? तिला वाटलं, चालच तशी आहे. ती जांभईसकट शिकली.

"अगं, ती जांभई आहे माझी! गाणं नाही ते!" शिवणबाई हसून म्हणायची.

"तेच तर छान आहे," भिंगरी म्हणायची.

मोठी झाल्यावर तिनं जुन्या बाजारातून खरं व्हायोलिन आणलं. त्यावरही ती जांभई तशीच निघाली, लांब, उंच आणि धपकन खाली. दारामागे उभी असलेली मी आतून थरारले.

पण एके दिवशी कपडे द्यायला आलेल्या बाईनं बातमी आणली, की तुमची लेक बाजारातल्या बोगद्यात टोपी पुढ्यात ठेवून वाजवते. त्या संध्याकाळी घरात भांडण झालं.

"लोकांच्या कोटांना अस्तरं लावून तुला वाढवली, ती चव्हाट्यावर टोपी पसरायला?"

"टोपीसाठी नाही गं वाजवत. माणसं थांबतात, आई. चालता चालता थांबतात. तू एकदा ये तर बघायला."

"मी? मी नाही येणार! रस्त्यावर वाजवायचं ना? मग रस्त्यावरच राहा."

बोलणं एवढंच झालं. तुम्ही आईशी भांडता तेव्हा आईसुद्धा असलं काहीतरी बोलते आणि जेवायच्या वेळी विसरते. पण त्या दिवशी जेवायची वेळ व्हायच्या आत भिंगरी गेली.

पहिल्यांदा शिवणबाई म्हणाली, येईल उद्या. मग म्हणाली, येईल थंडी पडली की. मग काही म्हणेनाशी झाली. तिचा गुडघा धरला तेव्हा तिनं दाराआडून मला काढलं, फडक्यानं पुसलं, आणि आम्ही दोघी शहरात निघालो. पहिल्याच दिवशी मला तिच्या बोटांतून कळलं: ही गुडघ्यासाठी चालत नाहीये.

रोज दुपारचं काम उरकलं की आम्ही निघायचो. कोपऱ्यावरचा न्हावी दारातून ओरडायचा, "काय ताई, काठीला फिरवून आणताय?"

"हो, कोपऱ्यात उभी राहून कंटाळली बिचारी," ती म्हणायची. कुठं जातोय ते मात्र सांगायची नाही.

आम्ही बोगद्यात गेलो, तिथं दुसराच कुणी तोंडानं पक्ष्यांचे आवाज काढत होता. त्याला विचारलं, तो नवा होता. स्टेशनच्या पायऱ्या झाल्या, बागेचं फाटक झालं. मला तोवर ठाऊकच नव्हतं, की एका शहरात इतकी माणसं उभ्या उभ्या वाजवत असतात आणि इतकी माणसं त्यांना वळसा घालून जात असतात.

आणि मग एका दुपारी, नदीवरच्या पुलाखाली, एका बासरीवाल्यानं ती चाल धरली.

सुरुवातीला बाईला कळलं नाही. पण सूर लांबला, वर चढला आणि धपकन खाली आला. माझ्या मुठीवरची बोटं दगडासारखी झाली. जगात ती जांभई दोनच माणसांकडे होती!

बासरीवाल्यानं ती एकच चाल वाजवली आणि मग आपली नेहमीची गाणी सुरू केली. शिवणबाईनं त्याला विचारलं, "कुठली हो ही चाल?" तो मुका होता. त्यानं शहराच्या दिशेनं हात गोल फिरवून दाखवला, जणू म्हणत होता, सगळीकडची.

खरंच ती सगळीकडची झाली होती. दुसऱ्या दिवशी भाजीबाजाराच्या फाटकाशी दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या अकॉर्डियनमधून ती निघाली. बागेपाशी दोन बहिणी गिटारवर वाजवत होत्या, त्यांच्याकडूनही ऐकू आली. प्रत्येकाची पहिली चाल तीच, आणि प्रत्येकात जांभई होती. आम्ही वळण घ्यावं आणि अंगाई आमच्या आधीच तिथं पोचलेली असावी, असं व्हायला लागलं. मागून यायची, पुढून यायची. बंद खिडक्यांच्या काचांवर आपटून परत यायची. लाकडाच्या अंगावर काटा येत नाही म्हणतात. येतो, मित्रांनो.

बाई मात्र उजळली. तिला वाटलं, ज्या अर्थी इतक्या जणांना येते, त्या अर्थी भिंगरी यांच्यातच वावरते आहे, आज इथं, उद्या तिथं, एकेकाला शिकवते आहे. बस, एखाद्या वळणावर गाठ पडायचीच बाकी! घरी येऊन ती मशीनवर गाणं गुणगुणायला लागली. जाड लोकरीचं कापड आणून तिनं कोट बेतला. माप घेतल्याशिवाय कात्री न लावणारी बाई, पण या कोटाला तिनं अंदाजानं कात्री लावली. "अंगानं भरली असेल आता," असं स्वतःशीच म्हणत शिवणीत चांगली चार बोटं माया सोडली, पुढे उसवून वाढवता यावा म्हणून. कोट पिशवीत घालून ती रोज बरोबर न्यायला लागली. पावलं हलकी पडत होती. मला तर वाटायचं, आता हिला माझी गरजच नाही.

शेवटी आम्ही जुन्या चौकात पोचलो. तिथं कारंज्याच्या कठड्यावर एक बाई काचेच्या बाटल्या मांडून बसायची. कुणात पाणी कमी, कुणात जास्त, आणि दोन चमच्यांनी ती त्यांच्यावर टिणटिण वाजवायची. शेजारी तो अकॉर्डियनवाला दाढीवाला विश्रांतीला टेकला होता.

"ए म्हाताऱ्या, सरक जरा. तुझ्या पेटीच्या वाऱ्यानं माझं पाणी हलतं."

"तुझं पाणी हलतं ते तुझ्या जिभेनं. दिवसभर चालू असते."

"बरं झालं, निदान माझं काहीतरी सुरात चालतं."

असं भांडता भांडता बाटलीवालीनं चमचे उचलले आणि अंगाई सुरू केली. काचेवर सूर लांबवता येत नाही. म्हणून जांभईच्या जागी तिनं एका बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर घातली. लांब, पोकळ फुंकर. शिवणबाई माझ्यावर रेलली.

"छान वाजवता," ती म्हणाली. "कुणी शिकवली ही?"

"आमच्यातलीच एक होती. व्हायोलिनवाली. शिकवली कसली, रोज शेवटाला वाजवायची, ऐकून ऐकून बसली कानात."

"होती?"

"गेली ना ती, मावशी. मागच्या थंडीत. ताप छातीत उतरला. हा दाढीवाला आणि मी, दोघांनी दवाखान्यात नेलं. आम्ही आपले काय, नुसते बसून राहिलो उशाशी."

दाढीवाला मान खाली घालून म्हणाला, "व्हायोलिन तिच्याबरोबरच पाठवलं."

मित्रांनो, माणूस माझ्यावर भार टाकतो, त्याची मला सवय आहे. पण त्या क्षणी माझ्यावर काहीच भार नव्हता. जणू मुठीला धरलेला हात होता आणि त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

बाईनं विचारलं, "मग अजून का वाजवता?"

"आमची रीत आहे," बाटलीवाली म्हणाली. "आमच्यातलं कुणी गेलं, की त्याची एक चाल सगळ्यांनी उचलायची. रोज आधी त्याची, मग आपली. त्याच्या घरचं कुणी शोधत येईपर्यंत. घरचं माणूस आलं, त्यानं ऐकलं, की चाल त्याच्या पदरात घालायची. मग आम्ही ती पुन्हा कधी वाजवायची नाही. घरची वस्तू घरी."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"मग वाजवत राहायची." दाढीवाल्यानं पेटी मांडीवर घेतली. "माझ्या गुरूला त्याच्या गुरूनं दिलेली एक चाल आहे. कुणाची, कुणास ठाऊक. न्यायला आलं नाही कुणी. मी वाजवतो. माझ्यामागून हे वाजवतील."

तेव्हा मला शहराचं ते रूप कळलं. इतके दिवस आम्ही ज्या गल्ल्यांतून चाललो, तिथं नुसती गाणी नव्हती. न्यायला कुणी न आलेली माणसं होती, आणि कुणीतरी त्यांना रोज एकदा उठवून बसवत होतं.

बाटलीवालीनं चमचे खाली ठेवले. "मावशी, एक विचारू? तिची आई शिवणकाम करते, असं ती सांगायची. तुम्ही तिच्या कोण?"

शिवणबाईच्या ओठांवर 'आई' आलं होतं. मला माहीत आहे. तो शब्द तिच्या खांद्यातून दंडात, दंडातून मनगटात उतरला आणि माझ्या मुठीवर येऊन थांबला. एक शब्द, आणि लेक तिची झाली असती. दोघं उठून तिच्याजवळ आली असती. तिला धरून रडायला माणसं मिळाली असती.

आणि दुसऱ्या दिवसापासून पुलाखाली, बागेत, बाजारात, सगळीकडची ती जांभई बंद झाली असती.

"मी?" शिवणबाई म्हणाली. "मी कुणी नाही हो. वाटेनं चालले होते, कानाला गोड लागली म्हणून थांबले."

बाटलीवालीची नजर बाईच्या बोटांवर गेली असावी, कारण बाईनं ती झटकन माझ्या मुठीखाली लपवली. सुया टोचून टोचून ती बोटं खरखरीत झालेली आहेत.

मग बाटलीवाली हळूच म्हणाली, "बरं. उद्या याच वाटेनं आलात, तर थांबा हं. आम्ही वाजवतोच."

त्या दिवशी घरी येताना मी खरी काठी झाले. म्हातारबाबांनीही एवढा भार माझ्यावर कधी टाकला नव्हता. जिन्यात ती एका पायरीवर बसली, मला छातीशी धरलं आणि फणीच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

आता आम्ही रोज जातो. शिवणबाई जवळ जात नाही. रस्त्याच्या पलीकडे, खांबाशी, मला टेकून उभी राहते. सूर लांबतो, चढतो, धपकन खाली येतो, आणि तिलाही जांभई येते. डोळ्यांत पाणी येतं, तर लोकांना वाटतं, जांभईचंच आहे. माझा रबरी बूट पार झिजून गेलाय, फरशीवर मी आता टकटक वाजते, पण तिच्या ते ध्यानात नाही. मी तक्रार करत नाही.

तुमच्या घरच्या काठीला मात्र नवा बूट आणा, तेलाचं बोट लावा. आणि रस्त्यात कुणी वाजवत असेल, तर वळसा घालून जाऊ नका, त्याची पहिली चाल तरी ऐकून जा. ती कदाचित त्याची नसेल. तिथंच पलीकडे काठी टेकून उभी असलेली एखादी म्हातारी दिसली, तर तिला 'तुमचं कोण?' असं विचारू नका. मी तुम्हाला सांगितलंय ते विश्वासानं सांगितलंय. त्या वाजवणाऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, मित्रांनो, नाहीतर तिची लेक त्याच दिवशी गप्प होईल.